नऊ दिवसांचं ‘बरं आहे’

ओकबुन म्हातारीनं उभ्या जन्मात ‘दुखतंय’ हा शब्द तोंडातून काढला नव्हता. ऐन लावणीत अपेंडिक्स फुटलं तेव्हासुद्धा हातातली रोपांची जुडी संपवून मगच ती बांधावर चढली. ट्रॅक्टरवर आडवी घालून नेताना सगळ्या रस्ताभर “मला काय धाड भरलीय, सोडा मला,” म्हणून लेकाला शिव्या घालत होती. दक्षिण टोकाच्या हेनामकडच्या म्हाताऱ्या सगळ्या एकाच माळेचे मणी. दुखणं सांगायचं म्हणजे घरच्यांना कामाला लावल्यासारखं, आणि ताट पुढं आलं तरी तीनदा ‘नको’ म्हटल्याशिवाय घास उचलायचा नाही. ह्यानं पुण्य लागतं म्हणे. कुणाला लागलेलं अजून दिसलं नाही.

दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोकं मात्र पूर्वीइतकंच तल्लख राहिलं, आणि खरं वाईट तेच झालं. सून मिरान दिवसभर तिच्या डोळ्यांकडे बघून ओळखत बसायची. पाणी हवंय? कुशीवर वळवू? खिडकी लावू? म्हातारीच्या घशातून नुसतं ‘अं अं’ निघायचं आणि मिरानच्या नाकी नऊ यायचे. शेवटी आरोग्यकेंद्राच्या नर्सबाईनं एक टॅब आणून दिला. पडद्यावर सहा मोठी चित्रं होती. वरच्या ओळीत होय, नाही, पाणी. खालच्या ओळीत लघवी, दुखतंय, बरं आहे. चित्रावर बोट ठेवलं की आतली बाई स्वच्छ सोलच्या भाषेत ते बोलून दाखवायची.

“घ्या!” नणंद मालसुक ग्वांगजूहून फोनवर ते ऐकून हसत सुटली. “जन्मभर चिखलातलं बोलली आणि ऐंशी उलटल्यावर आमची आई राजधानीची झाली.”

पहिले तीन महिने म्हातारीनं एकच चित्र दाबलं. जेवलात? बरं आहे. झोप लागली? बरं आहे. मग एका सकाळी मिरान चुलीपाशी असताना आतून आवाज आला, “दुखतंय.” मिरानच्या हातातला डाव पडला. धावत जाऊन बघते तो टाच सोलवटली होती. मलम लावता लावता तिला रडूच कोसळलं. लग्नाला तीस वर्षं झाली होती, आणि तीस वर्षांत सासूनं पहिल्यांदा तिच्याकडे काही मागितलं होतं.

त्यानंतर म्हातारीची भीड चेपली. सारखं ‘दुखतंय’, आणि जागा मिराननं शोधायची: कधी खांदा, कधी पाठ, कधी टोचणारी चादरीची सुरकुती. “तुमच्या आईनं ऐंशी वर्षांची थकबाकी एकदम काढलीय बघा,” असं मिरान नवऱ्याला, थेसिकला, कुरकुरत सांगायची खरी, पण मनातून तिला ते गोड लागायचं.

नोव्हेंबरच्या शेवटी किमजांग आला. थंडीभर पुरेल एवढी किमची घालायची म्हणजे दीडशे कोबी चिरा, मिठवणीत भिजवा, धुवा, मसाला भरा. त्यासाठी मालसुक तीन-चार दिवस माहेरी आली होती. अंगणात लाल टबांत कोबी भिजत होता. त्या घरात मीठ ठरवायचा मान म्हातारीचा. पन्नास वर्षं तिनं एक पान चावून ‘हं’ म्हटल्याशिवाय कुणी कोबी उपसला नव्हता. तेव्हा मिरान वाडगाभर मिठवणी आणि त्यात बुडवलेलं पान घेऊन आत आली. वाडगा तिनं म्हातारीच्या मांडीवरच्या पाटावर ठेवला, टॅबच्या शेजारी.

“आई, चावून बघा. झालं का मीठ?”

म्हातारीनं पान चघळलं. बोट उचललं, ‘नाही’ दाबलं.

“अजून घालू?”

‘होय’कडे हात जाताना मनगट वाडग्याला लागलं, आणि सगळी मिठवणी टॅबवर उपडी झाली. पडदा दोनदा लुकलुकला आणि काळा पडला.

“अगं बाई! ठेवायला दुसरी जागा नव्हती का गं?” मालसुक ओरडली. “डोळे काय अंगणात ठेवून आलीस?”

चूक मिरानचीच होती. तिनं टॅब कमरेच्या ॲप्रनला पुसला, उलटा धरून झटकला, आणि मग त्या मुलखातली कुठलीही बाई करेल तेच केलं. आतल्या खोलीची जमीन खालून तापते, आणि भिंतीलगतचा एक कोपरा सगळ्यात जास्त तापतो. लाल मिरच्या तिथं वाळतात, सोयाबीनचे गोळे तिथं मुरतात, ओले मोजे तिथं सुकतात. टॅबही तिथंच गेला, वर जाड रजई पांघरून. पोराला ताप आल्यावर निजवावं तसा.

“असू दे,” थेसिक संध्याकाळी म्हणाला. “माझा फोन भाताच्या चिखलात पडला होता, तोही तिथंच जगला.”

दोन दिवस म्हातारी पुन्हा ‘अं अं’वर आली. दीडशे कोबींच्या गडबडीत तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी मिराननं रजई काढली, बटण दाबलं, आणि पडदा लागला! खालच्या कोपऱ्यात चहा सांडून वाळल्यावर राहतो तसा एक डाग होता, बाकी सहाच्या सहा चित्रं जागेवर. तिनं ‘पाणी’ दाबून बघितलं. बाई बोलली, “पाणी.” मालसुकनं टाळ्या वाजवल्या. मिरानचा जीव भांड्यात पडला आणि तिनं पुढची पाच चित्रं काही दाबून बघितली नाहीत. अंगणात मसाला वाट बघत होता.

टॅब मांडीवर आल्या आल्या म्हातारीनं बोट ठेवलं. “बरं आहे.” पुन्हा ठेवलं. “बरं आहे. बरं आहे.”

“ऐकलंस?” मालसुक म्हणाली. “दोन दिवस मुकी होती तर पहिला शब्द कुठला, तर बरं आहे. ही माझी खरी आई. मधे ते ‘दुखतंय दुखतंय’ चाललं होतं ना, ते तू लाडावून ठेवलेलंस तिला.”

म्हातारीनं मान हलवली आणि वरच्या ओळीत बोट मारलं. “नाही. नाही.”

“काही नको का? नको तर नको.”

“बरं आहे. नाही. बरं आहे. नाही, नाही.”

“बघ, कशी बाणेदार! म्हणतेय, ‘काही नको, जा तुमचं काम करा.’ आई, तू शंभर वर्षं जग गं.” मालसुकनं आईच्या गालाचा मुका घेतला. त्या दुपारच्या बसनं ती आपल्या वाट्याची किमची घेऊन ग्वांगजूला गेली.

तिथून पुढचे दिवस मिरानला नंतर एकेक करून आठवायला लागले, आणि आठवताना प्रत्येक दिवसात टोचणारा एक खिळा निघाला. टॅबमधून ‘लघवी’ ऐकू येणं बंद झालं आणि अंथरूण ओलं व्हायला लागलं. मिरानला वाटलं, रुसल्यात. त्यांनी ‘अजून मीठ’ म्हटलं आणि वाडगा सांडल्याच्या गोंधळात आपण मीठ घातलंच नाही, म्हणून रुसल्यात. पेज पुढं केली की म्हातारी ‘नाही’ दाबायची, मग खाली बोट न्यायची, “बरं आहे.” मिरान तीनदा विचारायची, चौथ्यांदा चमचा जबरदस्तीनं तोंडाशी न्यायची. एकदा म्हातारीनं चमचा उडवून लावला.

“आई, पुरे आता!” मिरान खेकसली. “कोबीच्या मिठावरून इतकं? माझी कंबर बघा, सरळ होत नाहीये.”

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. मग बोटानं पडद्यावर ठोकत सुटली. बरं आहे बरं आहे बरं आहे. थेसिक शेजारच्या खोलीतून म्हणाला, “अगं, ती बरी आहे म्हणतेय, तू कशाला भांडतेस?”

आणि सांगायचं तर खरं सांगावं. मिरानला मधूनच शंका येत होती. सासूच्या कपाळावर घाम दिसत होता, ओठ दाताखाली धरलेले दिसत होते. पण दीडशे कोबींनी तिचे हात सोलवटून निघाले होते, आणि एक यंत्र स्वच्छ आवाजात ‘बरं आहे’ सांगत होतं. बरं आहे तर बरं आहे. विश्वास ठेवणं सोपं होतं, म्हणून तिनं ठेवला.

शेवटी शेवटी म्हातारीनं टॅबला हात लावणंच सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. नवव्या दिवशी सकाळी मिरान अंग पुसायला गेली तर अंग चुलीसारखं तापलेलं, पोट दगडासारखं टणक, डोळे पिवळे. रुग्णवाहिका येऊन मोकपोच्या मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत शुद्ध गेली होती. पित्ताशय फुटून पोटात पू झाला होता. डॉक्टर तरुण होता, हातातले कागद चाळत म्हणाला, “आठवडाभर तरी असह्य दुखलं असणार. काहीच सांगितलं नाही त्यांनी?”

“तिला सांगता येतं, टॅबवर,” थेसिक म्हणाला. “बरं आहे म्हणत होती.”

“म्हातारी माणसं अशीच असतात,” डॉक्टर म्हणाला. “लपवतात.”

थेसिकनं मान डोलावली. मिराननंही डोलावली. शस्त्रक्रिया झाली, पण आशा थोडीच होती. शुद्धीवर आल्या तर दिवसातून एकदा, दुपारी अर्धा तास, एकाच माणसाला आत सोडतील, असं नर्सनं सांगितलं. शुद्धीवर आल्या तर बोलणार कशानं? म्हणून घाईत बरोबर आणलेला टॅब मिराननं पिशवीत घातला. खालच्या कोपऱ्यातला डाग आता तळहाताएवढा पसरला होता, पडदा एका कडेनं उचकटलाही होता. दवाखान्याजवळच्या बाजारात ती दुरुस्तीवाला शोधायला निघाली.

बेक नावाचा तो म्हातारा पूर्वी मच्छीमारांच्या होड्यांवरचे रेडिओ दुरुस्त करायचा. त्यानं टॅब हातात घेतला, कडेला नख लावून वास घेतला.

“समुद्रात पडला?”

“नाही. किमजांगची मिठवणी सांडली.”

“मग कुठं वाळवलात? सांगू नका, कळलं. गरम कोपऱ्यात, रजईखाली.” तो हसला. “बाई, तुम्हा लोकांना ती जमीन म्हणजे धन्वंतरी वाटते. साध्या पाण्यात पडला असता तर बंद पडला असता आणि सुटलो असतो. हे मीठ आतल्या थरात भाजून बसलंय. चालतोय का अजून?”

“चालतो ना. नऊ दिवस चालला.”

“चालत असेल तर वाईट. नावेवरचा रेडिओ बंद पडला की खलाशी किनाऱ्याला लागतो. अर्धवट बोलणारा रेडिओ ऐकत राहिला की खडकावर जातो.” त्यानं पडद्यावर एक कोरा फळा उघडला. “बोट फिरवलं की रेघ उमटायला हवी. बघा.”

त्यानं वरच्या भागात बोट फिरवलं. काळी रेघ बोटामागून सरळ आली. मग खालच्या भागात डावीकडून उजवीकडे बोट ओढलं. रेघ उमटली नाही. बोट कुठंही असो, ठिपका पडत होता तो उजव्या खालच्या कोपऱ्यात, एकावर एक, एकाच जागी.

“वरचा अर्धा शाबूत आहे,” बेक म्हणाला. “खालच्या अर्ध्यात कुठंही दाबा, ह्याला वाटतं कोपराच दाबला. कोण वापरत होतं हा?”

मिराननं टॅब त्याच्या हातातून ओढून घेतला. तिनं सहा चित्रं उघडली आणि मधल्या खालच्या चित्रावर आपलं बोट ठेवलं. दुखतंय.

“बरं आहे,” बाई बोलली.

तिनं पुन्हा दाबलं, नखानं, अंगठ्यानं, जोर लावून. बरं आहे. बरं आहे. दुकानाच्या पायरीवर ती मटकन खाली बसली. वरची ओळ शाबूत होती. ‘होय’ शाबूत होतं, ‘नाही’ शाबूत होतं. सासू ‘बरं आहे’ ऐकू आलं की लगेच ‘नाही’ दाबत होती. बरं आहे, नाही. बरं आहे, नाही. यंत्र खोटं बोलत होतं आणि ती बिचारी प्रत्येक वेळी ते खोडून काढत होती, ह्यापेक्षा जास्त काय करायला हवं होतं तिनं? आणि त्या नऊ दिवसांत घरातल्या एकानं, एकदा, साधं ‘आई, दुखतंय का?’ एवढं विचारलं असतं, तर ‘होय’ दाबायला काही अडचण नव्हती. कुणी विचारलं नाही. विचारायचं काय, ती बरं आहे म्हणत होती ना.

“ताई, पाणी आणू?” बेकनं विचारलं. त्याचा मघाचा थट्टेचा सूर गेला होता.

“हा दुरुस्त करा,” मिरान म्हणाली. “उद्या दुपारी मला हा हवा. बारा वाजायच्या आत.”

त्यानं सगळं काम बाजूला ठेवून तो खोलला, आतलं मीठ ब्रशनं घासून काढलं, नवा पडदा बसवला. दुसऱ्या दिवशी मिराननं दुकानातच सहाही चित्रं तीन तीनदा दाबून बघितली. नवऱ्याला तिनं एवढंच सांगितलं, “पडदा बदलला.”

म्हातारी शुद्धीवर आली होती. नाकात नळी होती. डावा हात नळ्या उपटू नये म्हणून फडक्यानं पलंगाला बांधला होता. नर्सनं तो सोडला. मिराननं टॅब तिच्यापुढं धरला, तशी म्हातारीनं हात आखडून चादरीखाली घेतला आणि डोळे मिटले.

“आई, हा बिघडला होता हो,” मिरान तिच्या कानाशी वाकून म्हणाली. “तुम्ही दुखतंय म्हणत होता, हा बरं आहे सांगत होता. आज कळलं... नाही, काल कळलं मला. चुकले मी. बघा, आता बोलतो.” तिनं सासूचं बोट हलकेच धरलं आणि मधल्या चित्रावर टेकवलं.

“दुखतंय,” बाई बोलली.

म्हातारीनं डोळे उघडले. सुनेकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. मग मिराननं हात सोडला तरी तिचं बोट आपण होऊन तिथं गेलं. दुखतंय. क्षणभर थांबली आणि पुन्हा. दुखतंय. दुखतंय. अर्धा तास तिनं दुसरं चित्र दाबलं नाही. शेजारच्या पलंगाची नर्स येऊन “आवाज जरा कमी करा,” म्हणाली. मिरान नाही म्हणाली. ती सासूचं बोट दिसेनासं होईपर्यंत रडली आणि दर वेळी “हो आई, हो,” म्हणत राहिली. वेळ संपल्यावर तिला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी पहाटे म्हातारी गेली.

दवाखान्याच्याच मागच्या अंत्यविधीच्या दालनात तीन दिवस म्हातारीचा फोटो फुलांत ठेवला होता. गाव लोटलं. येणारा फोटोपुढं लोटांगण घालायचा, थेसिकला नमस्कार करायचा, मग बाजूला बैठ्या मेजांवर तिखट गरम सूप आणि भात खायला बसायचा. मालसुक काळ्या कपड्यांत, केसांत पांढरी फीत लावून, प्रत्येक मेजापाशी बसून तेच सांगत होती.

“नऊ दिवस पोटात पू, आणि तोंडातून काय? बरं आहे. डॉक्टरनं तोंडात बोटं घातली. कुणाला एक दिवस त्रास नाही दिला हो. शेवटपर्यंत बरं आहे, काही नको, बरं आहे.”

“पुण्यवान,” बायका डोळे पुसत म्हणत होत्या. “असं मरण हवं. लेकरांवर भार नाही.”

पहिल्या दिवशी मिराननं हे अकरा वेळा ऐकलं आणि सूप वाढत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारची एक म्हातारी, गुडघे धरत उठताना, आपल्या सुनेला म्हणाली, “बघितलंस? ओकबुनसारखं सोसायला जमलं पाहिजे. मीही काही सांगायची नाही तुम्हाला.” मिरानच्या हातातलं ताट मेजावर आदळलं.

“आई गप्प नव्हत्या,” ती म्हणाली. “त्या नऊ दिवस ओरडत होत्या.”

“मिरान,” थेसिक फोटोजवळून म्हणाला.

“अहो, बोलू द्या मला. टॅबचा पडदा मिठानं खाल्ला होता. मी सांडलं ते मीठ. दुखतंय दाबलं की तो बरं आहे म्हणायचा. दुकानात मी माझ्या बोटानं दाबून बघितलं. नवा पडदा घातल्यावर त्यांनी अर्धा तास एकच दाबलं, दुखतंय. अर्धा तास. मरायच्या आदल्या दिवशी.”

मालसुक उठून तिच्यापुढं आली, ओठ पांढरे पडलेले.

“खोटं बोलतेस. माझी आई तशी नव्हती. मेली तरी ती असं म्हणाली नसती.”

“त्या तशा नव्हत्या म्हणूनच तर आपण फसलो, वन्सं.”

मालसुकनं हात उगारला. तो मिरानच्या खांद्यावर पडला, पण त्यात जोर नव्हता, आणि पडल्यावर तिथंच धरून राहिला. मिरानला धरून धरूनच ती खाली बसली.

“मी निघाले ना त्या दिवशी,” ती म्हणाली, आता फक्त मिरानला ऐकू जाईल अशा आवाजात. “तिनं माझी बाही धरली होती. घट्ट धरली होती गं. मला वाटलं, जाऊ नको म्हणतेय. बस चुकेल म्हणून मी तिचं एकेक बोट सोडवलं.”

मिराननं तिला जवळ ओढलं. दारात पुढचे पाहुणे बूट काढत उभे होते.